विकत घेणाऱ्याचा वाटा

पैसे मोजून घेतलेली वस्तू निर्दोष असते, अशी सर्वसामान्य गृहस्थाची समजूत असते. चोरी केली नाही, कोणाला फसविले नाही, दुकानदाराने सांगितली ती किंमत दिली आणि पावती घेतली. यापुढे त्या वस्तूसंबंधी आपले कोणतेही कर्तव्य उरत नाही, असे तो मानतो. व्यवहाराच्या दृष्टीने हे खरेही आहे. परंतु जेथे व्यवहार संपतो तेथेच धर्माचा विचारही संपतो काय, हा प्रश्न प्रत्येक विचारी मनुष्याने स्वतःस विचारला पाहिजे.

महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला अहिंसेचा उपदेश करतात, तेव्हा हिंसेचा दोष ते केवळ शस्त्र चालविणाऱ्याच्या माथी मारीत नाहीत. प्रत्यक्ष मारणारा, द्रव्य देऊन विकत घेणारा आणि उपभोग घेणारा, अशा तिघांनाही ते त्या कर्माचे भागीदार ठरवितात. तेथील विषय मांसाहाराचा आहे; परंतु त्यामागील तत्त्व तेवढ्यापुरते मर्यादित नाही. ज्या कर्मावाचून वस्तू हाती येत नाही, त्या कर्मात ती वस्तू घेणाऱ्याचाही अंश असतो, हे ते तत्त्व होय.

हे तत्त्व आज घरोघरी असलेल्या एका वस्तूला लावून पाहावे. मोबाइल फोन आता श्रीमंताची चैन राहिलेला नाही. मुलांचा अभ्यास, बँकेचा व्यवहार, परगावच्या लेकीची खुशाली, या सर्वांसाठी तो लागतो. दसऱ्याला आयुधांबरोबर त्यालाही हळदकुंकू लावणारी घरे आहेत. पण ज्या हातांनी तो जोडला त्या हातांची आठवण कोणाला होत नाही. कारखान्यातील लांबलचक रांगेत बसून वा उभे राहून, काही सेकंदांत एक याप्रमाणे, तोच स्क्रू अथवा तीच पट्टी दिवसभर बसवीत राहणारे हे हात बहुधा विशी-पंचविशीतील तरुण-तरुणींचे असतात.

चीनमधील शेनझेन येथे फॉक्सकॉन या तैवानी कंपनीचे प्रचंड कारखाने आहेत. अनेक नामांकित कंपन्यांची उपकरणे तेथे जोडली जातात. २०१० साली त्या कंपनीच्या दहाहून अधिक तरुण कामगारांनी एकामागून एक आपले जीवन संपविले. तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. वसतिगृहांच्या इमारतींभोवती जाळ्या बांधण्यात आल्या, आणि जून महिन्यात मूळ मासिक वेतन ९०० युआनवरून १२०० युआन करण्यात आले. २०१२ साली फेअर लेबर असोसिएशन या संस्थेने त्या कंपनीच्या चीनमधील तीन कारखान्यांची पाहणी करून ३५,००० हून अधिक कामगारांची मते घेतली. चीनच्या कायद्याप्रमाणे कामाचा आठवडा ४० तासांचा आणि जादा काम महिन्याला फार तर ३६ तास. परंतु मागणीच्या हंगामात आठवड्याचे काम सरासरी ६० तासांच्याही वर जात असल्याचे या पाहणीत आढळले.

सुझौ येथील एका कारखान्यात फोनचे पडदे पुसण्यासाठी मद्यार्काऐवजी हेक्झेन नावाचे रसायन वापरले गेले. कारण ते अधिक लवकर उडून जाते आणि काम भराभर होते. त्याच्या वाफेने कामगारांच्या मज्जातंतूंना इजा झाली व हातापायांना बधिरता आली. या बाधेने पीडित झालेल्या कामगारांची संख्या १३७ असल्याचे ॲपल कंपनीने २०११ साली आपल्या अहवालात मान्य केले. वाचविलेली ती थोडीशी मिनिटे कोणासाठी होती, याचा विचार करावा.

हे सारे परदेशात घडते असे म्हणून सुटका होत नाही. तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथे याच कंपनीच्या कारखान्यात खेड्यापाड्यांतून आलेल्या सहस्रावधी मुली काम करतात. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या एका वसतिगृहातील अन्नाने विषबाधा होऊन दीडशेहून अधिक स्त्रियांना रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हा त्या चेन्नई–बेंगळुरू महामार्गावर येऊन बसल्या. एकेका खोलीत दाटीवाटीने जमिनीवर झोपणे आणि पाण्यावाचून असलेली शौचालये यांची वार्ता त्यानंतरच बाहेर आली. कारखाना काही आठवडे बंद राहिला. या मुली कोणाच्या तरी घरच्या लेकी आहेत. घरी पैसे पाठविणे, धाकट्या भावाचे शिक्षण, स्वतःच्या लग्नाची तजवीज, यांसाठी त्या घराबाहेर पडल्या आहेत.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, हे कामगार स्वखुशीने येतात. शेतातील कष्टांपेक्षा त्यांना हे काम बरे वाटते. या आक्षेपात तथ्य आहे. २०१२ च्या पाहणीतही सुमारे एक तृतीयांश कामगारांनी अधिक मिळकतीसाठी अधिक तास काम करण्याची इच्छा दर्शविली होती. परंतु त्याच पाहणीत सुमारे ६४ टक्के कामगारांनी आपले वेतन मूलभूत गरजांनाही पुरत नाही असे सांगितले होते. पोट भरत नाही म्हणून मागितलेले जादा काम, ही संपूर्ण अर्थाने स्वखुशी नव्हे. तहानलेल्याने गढूळ पाणी आनंदाने प्यायले म्हणून गढूळ पाणी देणाऱ्याचे पुण्य सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप किमतीचा. कामगाराला अधिक द्यावयाचे तर वस्तू गरिबाच्या आवाक्याबाहेर जाईल, असे म्हटले जाते. २०१० सालच्या आयफोनच्या विक्रीच्या किमतीची फोड अमेरिकेतील क्रेमर, लिंडेन व डेड्रिक या अभ्यासकांनी २०११ साली मांडली. तीत ॲपलचा नफा ५८.५ टक्के होता आणि चीनमधील मजुरीचा वाटा १.८ टक्के. अर्थात ती सारी मजुरी दुप्पट केली असती तरी शंभर रुपयांच्या वस्तूवर दोन रुपयेही वाढले नसते. म्हणजे अडचण सामर्थ्याची नसून इच्छेची आहे.

मग गृहस्थाने काय करावे? वस्तूवर बहिष्कार घालावा काय? इंग्लंडमध्ये १७९१ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा ठराव पार्लमेंटने फेटाळला, तेव्हा सुमारे तीन लक्ष लोकांनी गुलामांच्या श्रमाची साखर सोडल्याचा त्या काळचा अंदाज आहे. तो त्याग थोर होता. परंतु गुलामाला मजुरी मिळत नव्हती. कारखान्यातील मुलीला ती मिळते आणि तिच्या घरची चूल त्यावर पेटते. तिचे काम काढून घेणे हा तिच्यावरील अन्यायाचा परिहार नव्हे. येथे वस्तूचा त्याग पुरेसा नाही. त्याग करावयाचा तो घाईचा आणि हव्यासाचा.

वरील उदाहरणे नीट पाहिली तर दोषाचे मूळ एका ठिकाणी सापडते. नवा नमुना ठरल्या दिवशी जगभर हजर झाला पाहिजे, तो पहिल्याच आठवड्यात हाती आला पाहिजे, आणि वर्षभरात तो जुना वाटू लागला पाहिजे, अशी व्यवस्था उभी राहिली आहे. विक्रेत्याने ती रचली हे खरे. पण ती चालते ग्राहकाच्या अधीरतेवर. घरातील एका मनुष्याची अधीरता क्षुद्र असते. कोट्यवधी घरांतील अधीरता एकत्र झाली की तिचाच साठ तासांचा आठवडा होतो. कामना वाढली की ती विवेकाला झाकून टाकते, हे गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील सांगणे एकट्या साधकापुरते नाही. बाजारालाही ते लागू पडते.

यास्तव गृहस्थाचे पहिले कर्तव्य हे की, चालती वस्तू चालेल तोवर वापरावी आणि बिघडली तर दुरुस्त करून घ्यावी. दुरुस्ती करणाराही श्रमिकच आहे, आणि त्याची मजुरी देताना घासाघीस करू नये. खप घटल्यास काही हातांचे काम कमी होईल, ही शंका खोटी नाही; म्हणूनच एकट्या संयमाने भागत नाही, त्याला दुसऱ्या कर्तव्याची जोड हवी. ते कर्तव्य म्हणजे विचारणे. ही वस्तू कोठे झाली, करणाऱ्यांना काय मिळते, हे कंपनीला विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे, आणि भागधारकाला तर विशेषच. विचारण्याने काही होत नाही असे नाही. सर्वत्र टीका झाल्यावरच ॲपलने जानेवारी २०१२ मध्ये आपल्या पुरवठादारांची यादी प्रथम प्रसिद्ध केली. तिसरे कर्तव्य मनाचे आहे. कामगार रस्त्यावर येऊन बसल्याची वार्ता वाचताना वाहतूक खोळंबली याचेच दुःख करू नये. ते का बसले, हेही वाचावे.

कारखानदाराचा दोष आणि ग्राहकाचा दोष सारखा नाही. ज्याच्या हाती अधिकार मोठा, त्याचा वाटा मोठा. परंतु लहान वाटा म्हणजे शून्य नव्हे. ज्याला पूर्वी हे ठाऊक नव्हते त्याला अज्ञानाची सबब होती. आता वार्ता घरात पोहोचली आहे, आणि तीही बहुधा त्याच यंत्राच्या पडद्यावर. जाणून घेतल्यानंतर जो पूर्वीप्रमाणेच वागतो, त्याची गणना अजाणत्यांत होऊ शकत नाही.

यज्ञशेष ग्रहण करणे, म्हणजे ज्याचे त्याचे देणे देऊन उरलेले भोगणे, ही गृहस्थाश्रमाची जुनी मर्यादा आहे. देवाचा, पितरांचा, अतिथीचा भाग काढल्यावाचून घरात अन्न खाल्ले जात नसे. आजच्या घरातील वस्तू दूरच्या हातांतून येतात. त्या हातांचाही भाग त्यात आहे. तो त्यांना मिळाला की नाही, याची चौकशी केल्यावाचून जो सुखाने भोग घेतो, त्याच्याजवळ पावती असते. पण तो ऋणमुक्त झालेला नसतो.