भग्न हृदयाचे गायन

शास्त्रपाठ : स्तोत्र ५१



मांडवगण फराटा असो की भीमेकाठचे दुसरे कोणतेही गाव, भजनाची रीत आपणांस ठाऊक आहे. टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एकीने चरण म्हटला की दुसरी तो उचलते. रोम येथील सिस्टीन मंदिरात स्तोत्र ५१ काहीसे असेच गाइले जाई. ग्रेगोरिओ अल्लेग्री (१५८२-१६५२) या पोपच्या गायकाने त्यास लॅटिन भाषेत चाल लाविली. एक गायकवृंद पाच स्वरांचा, दुसरा चार स्वरांचा. दुःखसप्ताहातील उपासनेत एकेक मेणबत्ती विझवीत जात, आणि अंधारातून ‘मिसेरेरे’, म्हणजे ‘दया कर’, अशी हाक उठे. दोन्ही वृंद आळीपाळीने गात. शेवटी मात्र नऊही स्वर एकत्र होत. गोमंतकातही उपवासकाळी लॅटिन मोतेत गाण्याची परंपरा आहे.

परंतु हे स्तोत्र प्रथम मंदिरात नव्हे, एका अपराध्याच्या अंतःकरणात उपजले. दाविदाने उरीयाची बायको घेतली व त्यास लढाईत मारविले. नाथानाने गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगताच राजा त्या धनवानावर संतापला. तेव्हा संदेष्ट्याने बोट त्याच्याकडेच वळविले. दाविदाने सबब सांगितली नाही. त्याने नवे हृदय मागितले.

१५१७ साली मार्टिन लूथरने पश्चात्तापाची सातही स्तोत्रे जर्मन भाषेत अर्थासह प्रसिद्ध केली, ती लोकांस समजावीत म्हणून. उपदेशक बंधूंनो, आपणही हे स्तोत्र मंडळीस ओवी समजावी तसे चरणाचरणाने समजावून द्या. पण आधी स्वतःस विचारा: मी कोणाचा बांध कोरला आहे काय? पाटाच्या पाण्याची पाळी कोणाची चुकविली आहे काय? ज्याच्याशी वर्षभर अबोला आहे तो भाऊ त्याच मंदिरात पलीकडच्या रांगेत बसला असेल, आणि आपण दोघेही देवाजवळ दया मागत असू, तर ते गायन अर्धेच आहे. कोरलेला बांध परत घालून दिल्यावाचून डोळ्यांतील पाणी पुरे पडत नाही. प्रभूने सांगितलेच आहे की, अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करावा.

दोन वृंद वेगळे गाऊन शेवटी एक झाले. आपल्या दोन घरांनी येत्या प्रभुवारापूर्वी एकमेकांच्या दारी जावे. देव भग्न हृदय तुच्छ मानीत नाही. मग आपण का मानावे?

आमेन.