मुक्या पेशंटचा डॉक्टर

बैल बसला की गावात धावपळ होते. कुत्रं बसलं की लोक म्हणतात, "जाऊ दे ना बाप्पा, दुसरं येते." हे ऐकत मी साठी ओलांडली. बैलाला बाजारात भाव आहे, गावठी कुत्र्याला नाही. पण जिवाची किंमत बाजारानं ठरवावी काय?

आमचा संग्रामपूर तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी. रानडुकरं, रोही वावरात घुसले की आधी कुत्रंच भुंकते. पोळ्याला बैलाला पुरणपोळी, अन् या राखणदाराला उरलंसुरलं.

एकदा डुकरानं आमच्या कुत्र्याचं पोट फाडलं. पोरानं त्याले गाडीत घालून अकोल्याला नेलं, मीही गेलो. दवाखान्यात शहरातले लोक मांजरी, केसाळ कुत्रे मांडीवर घेऊन बसलेले. डॉक्टरांनी आधी त्याच्या हिरड्या पाहिल्या, ताप मोजला, मग जखमेला हात लावला. खर्चाचा आकडा टाके घालायच्या आधीच सांगितला. म्हणाले, "काका, माझा पेशंट बोलत नाही अन् पैसेही देत नाही. बोलणारा, पैसे देणारा दुसराच असतो."

हे वाक्य माझ्या मनात रुतलं. माणूस डॉक्टरला 'पुरे' म्हणू शकते. इथं जनावराच्या वतीनं 'पुरे' म्हणतो तो मालक, ज्याचा खिसा रिकामा होत असतो. मग डॉक्टरनं कोणाचं ऐकावं? मला वाटते, खर्च मालकाला विचारावा. दुखणं मात्र जनावरालाच विचारावं. आमचं कुत्रं वाचलं. पण ते वाचणार नसतं, तर वेदना संपवणारी सुई देणं हेही त्याच डॉक्टरचं काम होतं.

मुंबईत परळला 1886 साली पशुवैद्यक कॉलेज निघालं. तेव्हा घोडा अन् बैल म्हणजेच वाहतूक. कामाच्या जनावराला डॉक्टर लागे. आता बिनकामाच्या म्हटल्या जाणाऱ्या जिवालाही डॉक्टर आहे. याला कोणी श्रीमंताचे चोचले म्हणते. त्यांनी रेबीज आठवावा. लक्षणं दिसल्यावर माणूस जवळपास वाचतच नाही. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर लस, पुढं डॉक्टर सांगतील तसा दरसाल डोस. ती सुई घरातल्या लेकरांचीही राखण करते. तरी कुत्रं चावलंच, तर जखम साबण अन् वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवावी अन् लगेच दवाखाना गाठावा.

पण फायदा हे दुसरं कारण झालं. पहिलं कारण हे, की ज्याला आपण दारी ठेवलं, त्याचं दुखणं आपल्या खात्यावर आलं. कुत्र्यासाठी बैल विका, असं मी म्हणत नाही. झेपत नसेल तर डॉक्टरला सरळ सांगावं, त्यात लाज नाही. लाज आहे ती विव्हळता जीव उकिरड्यावर टाकून येण्यात.