मुक्या सोबत्याचा वियोग



दारचे कुत्रे मेले तर वारकऱ्याने रडावे की रडू नये, हा आजचा विषय. ऐकून कोणी हसेल, हसू द्या. पण माळशिरस, सांगोला, मंगळवेढ्याच्या रानात वस्ती करून ज्याने दहाबारा वर्षे कुत्र्याच्या भरवशावर निर्धास्त झोप घेतली, तो हसणार नाही. त्याच्या घरी भाकरी थापताना सवयीने एक जास्तीची पडते, आणि मग त्या माउलीच्या ध्यानात येते की, खाणारा आता नाही.

बरे, हे दुःख सांगायचे कोणाला? माणूस गेले तर चार माणसे ओट्यावर येऊन बसतात, सुतक असते, दहावा-तेरावा असतो. कुत्र्यासाठी कोण येणार? उलट शेजारी म्हणतो, "अहो, कुत्रंच की! दुसरं आणा." आणि रडणारा माळकरी असला म्हणजे आणखी एक घाव बसतो, "गळ्यात तुळशीची माळ, आणि कुत्र्यासाठी रडताय? हा मोह नव्हे काय?"

सज्जनहो, ह्या प्रश्नाला बगल देता येत नाही. त्याच्या पाठीशी शास्त्र आहे. श्रीमद्भागवताच्या पंचम स्कंधात भरत राजाची कथा आहे. राज्य सोडून तो गंडकीच्या काठी तप करीत होता. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेल्या हरिणीने उडी घेतली, तिचे पाडस पाण्यात पडले, हरिणी मेली. भरताने पाडस वाचविले, वाढविले. पुढे अंतकाळी त्याच्या चित्तात तेच राहिले आणि त्याला हरणाचा जन्म घ्यावा लागला. मग कुत्र्यावर जीव लावणाऱ्याची गत काय?

पण ही कथा नीट पाहावी. पाडसाला पाण्यातून वर काढले ह्याबद्दल भागवताने भरताला दोष दिलेला नाही. ती तर दया. दोष पुढे घडला. स्नानसंध्या गेली, देवपूजा गेली, एकेक नेम सुटत गेला, आणि पाडस दृष्टीआड झाले की भरताला दुसरे काही सुचेना. म्हणजे प्रेम वाईट नव्हते. त्या प्रेमाने नेम खाल्ला, हे वाईट झाले. आणि तरीही देव किती दयाळू! हरणाच्या जन्मातही पूर्वस्मृती राहिली, आणि त्यापुढच्या जन्मी तोच जडभरत म्हणून ज्ञानी झाला.

आता दुसरी बाजू पाहा. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात पांडव हिमालयाच्या वाटेने निघाले, बरोबर एक कुत्रे. वाटेत द्रौपदी पडली, चारी भाऊ पडले, धर्मराज चालत राहिला. पण इंद्राने रथ आणून म्हटले, "कुत्र्याला सोड आणि बैस," तेव्हा धर्मराज अडला. जो स्वर्गासाठी कुत्रे सोडीत नाही, त्याने भाऊ कसे सोडले? हीच शंका इंद्राने काढली. धर्मराजाने दिलेल्या उत्तराचा आशय असा की, मेलेल्यांना परत उठविणे माझ्या हाती नव्हते. ते जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही. हे कुत्रे जिवंत आहे आणि माझ्या आश्रयाला आलेले आहे. वियोगात कसे वागावे ते सगळे ह्यात आले. गेलेल्याला जाऊ द्यावे. जिवंत आहे त्याला सोडू नये.

आपल्या संतांनी हेच आचरून दाखविले. नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळविली, तर महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, देवाने कोरडे खाऊ नये म्हणून! एकनाथ महाराजांनी रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल तहानेल्या गाढवाच्या मुखात घातले. आणि पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदविला तो रेडा जुन्नर तालुक्यात आळे येथे शांत झाला, तेव्हा माउलींनी त्याला समाधी दिली, असे परंपरा सांगते. तेथे आजही त्याचे मंदिर आहे. मुक्या सोबत्याला असा निरोप देण्यात ज्ञानियांच्या राजाला कमीपणा वाटला नाही. मग आपण डोळे पुसताना कोणाला भ्यावे?

ह्या जुन्या काळच्या गोष्टी झाल्या. आता अलीकडची ऐका. बेळगाव जिल्ह्यात निपाणी तालुक्यातील यमगर्णी येथील एक भाविक दरवर्षी पायी पंढरीला येतात. 2024 च्या आषाढी वारीत त्यांच्याबरोबर एक काळा कुत्रा चालत आला. गावात त्याला 'महाराज' म्हणतात. पंढरपूरच्या गर्दीत तो दिसेनासा झाला. शोध केला. तो दुसऱ्या मंडळींबरोबर गेला असे कोणी सांगितले. शेवटी ते भाविक जड मनाने घरी परतले. आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तो महाराज दारात शेपटी हलवीत उभा! सुमारे 250 किलोमीटरची वाट त्याने एकट्याने काढली. गावाने त्याच्या गळ्यात हार घातला, पंगत घातली. वाट विचारायला त्याला वाचा नव्हती, पण आपले दार कोणते हे ठाऊक होते. वारकऱ्याने तरी ह्याहून वेगळे काय साधायचे आहे?

परंतु प्रत्येकाचा महाराज परत येत नाही. कुत्र्याचे आयुष्यच मुळी दहा ते तेरा वर्षांचे, क्वचित थोडे अधिक. आपल्या एका आयुष्यात त्याची कित्येक आयुष्ये संपतात. "वेळेवर जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं असतं तर," असे मन खात राहते. नेण्यासारखे असताना नेणे हे कर्तव्यच. पण जरा आणि मरण कोणत्या डॉक्टरला चुकविता आले आहे? जेवढे समजले तेवढे प्रेमाने केले असेल, तर बाकीचे विठ्ठलाच्या पायी ठेवावे.

आता करावयाचे काय? आधी मोकळेपणी रडावे. मुलांना "तो फिरायला गेलाय" असे खोटे सांगू नये. ती दाराकडे बघत बसतात. देह ओढ्यात, कालव्यात किंवा भीमेत टाकू नये. आपल्या रानात खोल खड्डा घेऊन पुरावा; शहरात असाल तर नगरपालिकेला, महानगरपालिकेला विचारावे. संध्याकाळी हरिपाठ चुकवू नये. कंठ दाटला तर दाटलेल्या कंठानेच म्हणावा. भरताचे जे सुटले ते आपले सुटू नये.

आणि ती जास्तीची भाकरी बंद करू नये! गावात उपाशी कुत्री थोडी आहेत काय? दारी पाण्याचे भांडे ठेवावे. रेबीजची लस टोचण्याची सोय असेल तेथे चार कुत्र्यांना टोचून घ्यावी. वारीत वाटेवरच्या गावांतली कुत्री दिंडीमागे येतात आणि चुकतात. असे एखादे दिसले तर त्याला त्याच्या गावी पोहोचविण्याची खटपट करावी. लगेच दुसरे आणलेच पाहिजे असे नाही. मन तयार होईल तेव्हा आणावे, पण गेलेल्याचा बदली म्हणून नव्हे. जो येईल तो स्वतःचे नशीब घेऊन येईल.

तात्पर्य, शोक आला म्हणून माळ विटाळत नाही. तो शोक आपल्याला दार लावून बसवितो की दुसऱ्या भुकेल्या जिवाकडे नेतो, एवढेच तपासावे. बसविले तर तो मोह. नेले तर तीच भूतदया, आणि भूतदया ही पांडुरंगाची पूजाच होय.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!