तिथीची पाऊणपट

दादर-गिरगावातली मुलं आता पर्यावरणशास्त्र शिकायला न्यूझीलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला जातात. तिकडे मूळ रहिवाशांसोबत रानावनात, नदीकाठी हिंडून शिकण्याला मान मिळू लागला आहे. न्यूझीलंडमधल्या व्हांगानुई नदीला 2017 साली कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला, तो नदीला पूर्वज मानणाऱ्या माओरींच्या शतकभराहून लांबलेल्या लढ्यामुळे. आमच्या मुलांनी हे जरूर पाहावं. मला खटकतं ते एवढंच, की माओरींचं चांद्र पंचांग आदराने टिपून घेणाऱ्या या मुलांना घरच्या किनाऱ्यावरचं भरतीचं गणित कुणी शिकवलेलं नसतं.

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते आणि हा हिशेब 45 धरतो, त्यामुळे पंधरवडा सरताना थोडी तूट पडते. नवा पक्ष लागला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून, आणि तूट भरून निघते. ओहोटीला कालवं काढायला खडकांवर उतरणाऱ्या बायकांचा दिवस या हिशेबावर बेतलेला असतो.

वरळीत याच जाणतेपणाची कसोटी लागली. किनारी रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमध्ये 60 मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. खाली खडक, आडवे प्रवाह, वर वारा फिरला तर होडी खांबावर आदळणार, असं वरळीच्याच क्लीव्हलँड बंदरातले मच्छीमार सांगत राहिले. त्यासाठी त्यांना काम अडवावं लागलं. अखेर डिसेंबर 2022 मध्ये अंतर 120 मीटर करण्याचं जाहीर झालं. त्यांची मागणी याहूनही मोठी होती. हे बोलणं आराखडा कागदावर असतानाच व्हायला हवं होतं, आणि ते झालं नाही याचा मला राग आहे.

परदेशी शिक्षण आणि गावचं शहाणपण एकत्र नांदू शकतं. माधव गाडगीळ मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. करून हार्वर्डला गेले, तिथे गणिती परिसरशास्त्रात पीएच.डी. मिळवली. परतल्यावर त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांसोबत महाराष्ट्रातल्या देवराया पालथ्या घातल्या, आणि पुढे लोकांनी स्वतः लिहायच्या जैवविविधता नोंदवहीचा आग्रह आयुष्यभर धरला. हार्वर्डच्या गणिताने त्यांना गावकऱ्यांचं ऐकण्यापासून रोखलं नाही.

परंपरेतलं सगळंच खरं असतं असं नाही. तेही तपासावं लागतं, जसं पाऊणपटीचं गणित घड्याळाशी ताडून पाहता येतं. पण तपासायला आधी शेजारी जाऊन बसावं लागतं. परळहून वरळी कोळीवाडा किती दूर आहे?

पदवीला पर्यावरण हा विषय आहेच. मुंबईतल्या महाविद्यालयांनी त्यातला प्रकल्प वरळी, माहीम किंवा कुलाब्याच्या कोळीवाड्यात करावा, शिकवणाऱ्या कोळणीला पाहुण्या प्राध्यापकाइतकं मानधन द्यावं, आणि अहवालावर तिचं नाव मार्गदर्शक म्हणून छापावं.