प्राणदानाची याचना आणि पंचशील



विहारात आपण त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो. पहिले शील जीवहिंसेपासून अलिप्त राहण्याचे, चौथे खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे. घरातल्या लहान लेकरांनाही ती पाठ असतात. पण पुष्कळांची अशी समजूत असते की, मी कोणाला मारले नाही, मी कधी खोटी साक्ष दिली नाही, म्हणजे माझे शील पुरे झाले. कोणाच्या तरी खोट्या साक्षीने तिसऱ्याच माणसाचा प्राण जात असेल, तर माझा त्याच्याशी काय संबंध? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज अमेरिकेतल्या एका कामगाराची हकीगत आपण पाहू.

त्याचे नाव टॉम मूनी. खाणकामगाराचा मुलगा, आणि स्वतः लोखंडाचे ओतकाम करणारा. सॅन फ्रान्सिस्को शहरात तो कामगारांची संघटना बांधीत असे. जुलै १९१६ मध्ये त्याने ट्राम कामगारांचा संप घडवून आणण्याचा प्रयत्न केला. तो संप फसला. पण मूनी मालकांच्या डोळ्यांत सलत होता. त्याच महिन्याच्या २२ तारखेला शहरात युद्धसज्जतेची मोठी मिरवणूक निघाली आणि तीत बाँबस्फोट झाला. १० माणसे मेली, ४० जखमी झाली. ती माणसेही कोणाची तरी लेकरे होती, कोणाचे तरी आईबाप होते. त्यांच्यासाठी ज्याचे मन द्रवत नाही, त्याला मूनीविषयी करुणा बोलण्याचा अधिकार नाही. परंतु दुःख मोठे झाले म्हणून हाती लागेल त्याला फासावर चढवावे, हा न्याय नव्हे.

पोलिसांनी मूनीला, त्याची पत्नी रेना हिला आणि त्यांच्या काही सोबत्यांना पकडले. मूनी आणि रेना त्या वेळी सुमारे मैलभर दूर असलेल्या एका इमारतीच्या गच्चीवर उभे राहून मिरवणूक पाहत होते. तेथे एकाने काढलेल्या छायाचित्रांत ती दोघे दिसत होती, आणि छायाचित्रे मोठी केल्यावर रस्त्यावरच्या घड्याळाचे काटेही वाचता येत होते. तरी साक्षीदारांच्या बोलण्यावर विश्वास ठेवून फेब्रुवारी १९१७ मध्ये मूनीला फाशीची शिक्षा झाली. त्याचा सोबती वॉरेन बिलिंग्ज याला आधीच जन्मठेप झाली होती.

पुढे दोनच महिन्यांत मुख्य साक्षीदाराची पत्रे उजेडात आली. गुरांचा व्यापार करणारा हा गृहस्थ. त्याने परराज्यातल्या आपल्या एका ओळखीच्या माणसाला साक्ष देण्यासाठी बोलावले होते, आणि तो माणूस स्फोटाच्या दिवशी त्या शहरात नव्हताच! ज्या न्यायाधीशाने फाशी सुनावली, त्या फ्रँकलिन ग्रिफिन यांनीच हा खटला पुन्हा चालवावा अशी मागणी केली. पण वरच्या न्यायालयाने सांगितले की, आमच्यापुढच्या कागदपत्रांत जे नाही ते आम्हांला पाहता येत नाही. सत्य बाहेर आले होते. पण कायद्याच्या दारातून ते आत जाऊ शकत नव्हते. फाशीची तारीख मात्र जवळ येत होती.

अशा वेळी लोक उठले. अमेरिकेतल्या कामगार संघटनांनी सभा घेतल्या, निधी जमवला, गव्हर्नरकडे अर्ज पाठवले. रशियात पेट्रोग्राडच्या कामगारांनी अमेरिकन वकिलातीपुढे निदर्शने केली. मूनी त्यांच्या देशाचा नव्हता, भाषेचा नव्हता, नात्यागोत्याचा नव्हता. तो आवाज इतका वाढला की राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी चौकशी करवली आणि गव्हर्नर स्टीफन्स यांना पत्रे लिहिली. अखेर नोव्हेंबर १९१८ मध्ये, फाशीला थोडेच दिवस उरले असताना, तिची जन्मठेप झाली.

बंधूंनो, येथे टाळ्या वाजवून थांबू नका. मूनीला दया नको होती, नवा खटला हवा होता. तो तुरुंगातच राहिला. त्याची म्हातारी आई मुलाच्या सुटकेसाठी वणवण फिरली आणि त्याला मोकळे न पाहताच १९३४ मध्ये गेली. ग्रिफिन यांनी त्याच्या सुटकेसाठी पुन्हा पुन्हा शब्द टाकला. शेवटी ७ जानेवारी १९३९ रोजी गव्हर्नर ओल्सन यांनी त्याला पूर्ण माफी दिली. बावीस वर्षे गेली. अर्धी करुणा आणि पुरा न्याय यांत एवढे अंतर असते. तरीही विचार करा. १९१८ मध्ये दोर ओढला गेला असता, तर १९३९ मध्ये माफी कोणाला देणार होते? तुरुंगाचे दार उशिरा का होईना उघडता येते. गेलेला प्राण परत आणता येत नाही.

म्हणून मरणाच्या दारी उभ्या असलेल्या माणसासाठी वेळ मागणे हे धम्माचे काम आहे. ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. सम्राट अशोकाने आपल्या चौथ्या स्तंभलेखात देहदंड झालेल्या कैद्यांना तीन दिवसांची मुदत दिली आहे. त्या तीन दिवसांत आप्तेष्टांनी अधिकाऱ्यांकडे जाऊन त्याच्या प्राणासाठी विनंती करावी, हा तिचा एक हेतू. अशोकाने देहदंड रद्द केला नाही, हे खरे. पण शिक्षा आणि मृत्यू यांच्यामध्ये त्याने याचनेला जागा करून दिली.

परमपूज्य बाबासाहेब त्याही पुढे गेले. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशीविरुद्धच्या अपिलांचा प्रश्न निघाला, तेव्हा त्यांनी देहदंडच रद्द व्हावा असे आपले मत मांडले. या देशातले लोक अहिंसा नेहमी आचरत नसले तरी नीतीचे तत्त्व म्हणून ती मानतात, हे त्यांचे कारण होते. आपल्या कायद्यात फाशी आजही आहे. पण राष्ट्रपती आणि राज्यपाल यांना शिक्षा माफ किंवा कमी करण्याचा अधिकार घटनेने दिला आहे. ते दार ठोठावण्यात गुन्हेगाराची बाजू घेणे नाही, की न्यायालयाचा अवमान नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. माझा काय संबंध? शाक्य संघाने कोलियांशी युद्ध पुकारले, तेव्हा सिद्धार्थाने असे विचारले नाही. बहुमत विरुद्ध असताना तो एकटा उभा राहिला आणि त्याची किंमत त्याने घर सोडून दिली. करुणा म्हणजे घरात बसून हळहळणे नव्हे. करुणेला पाय हवेत, आणि तिच्या हातात प्रज्ञेचा दिवा हवा. मूनीला वाचवणारे नुसते रडले नाहीत. त्यांनी घड्याळाचे काटे दाखवले, पत्रे दाखवली.

उपासक-उपासिकांनो, तुमच्या वस्तीत, गिरणीत, गावात कोणावर आळ आला, तर ऐकीव गोष्ट पुढे सांगू नका. ते चौथे शील आहे. खरे काय ते विचारा, आणि जे पाहिले तेवढेच सांगा. तो निर्दोष असेल तर त्याच्यासाठी सही करा, सभेला जा, चार माणसांना घेऊन अर्ज द्या. तो दोषी ठरला तरी त्याचा प्राण वाचावा असे म्हणायला लाजू नका. ते पहिले शील आहे. तो आपल्या जातीचा, आपल्या पक्षाचा आहे का, हे विचारू नका. आपल्यासाठी शतकानुशतके कोणी अर्ज दिला नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? म्हणूनच दुसऱ्यासाठी पहिली सही आपली असली पाहिजे.

नमो बुद्धाय! जयभीम!