थेंबाचा हिशेब



हातातल्या वस्तूची निगा राखावी, हे आपण मुलांना लहानपणापासून सांगत आलो आहोत. सायकलच्या साखळीला तेल द्यावे, विळा-खुरपे काम झाल्यावर धुऊन ठेवावे, विहिरीवरची मोटार कोरडी चालू देऊ नये. जो वस्तू सांभाळतो तो माणसेही सांभाळतो, असे आपल्याकडे मानले जाते. मग एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या वस्तूमुळे आपलाच अपाय होतो, तिची कोणी अशीच मन लावून निगा राखली, तर त्या निगेला आपण गुण म्हणायचे का?

हा प्रश्न आपल्या तरुण मुलांच्या बॅगेतून आपल्यापुढे आला आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मोठ्या शहरात गेलेल्या मुलांना वेपिंग हा शब्द नवा नाही. सुट्टीत घरी आलेल्या मुलाकडे एखादी जाड पेनासारखी किंवा छोट्या डबीसारखी वस्तू दिसते. ती काय आहे हे आईवडिलांना कळत नाही, आणि विचारले तर "काही नाही, नुसती वाफ आहे" असे उत्तर मिळते. म्हणून ती वस्तू आधी समजून घेऊ या.

चीनमधील होन लिक नावाच्या औषधनिर्मात्याने २००३ साली आजच्या प्रकारची ई-सिगारेट तयार केली. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले होते. तंबाखू न जाळता निकोटीन घेता यावे, एवढाच त्याचा उद्देश होता. या यंत्रात एक बॅटरी असते, तारेचे बारीक वेटोळे असते आणि त्यात कापसाची वात असते. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाचा अर्क आणि बहुधा निकोटीन यांचे मिश्रण त्या वातीत भिजते. तार तापली की त्याची वाफ होते आणि ती ओढली जाते. यातला एक प्रकार म्हणजे ड्रिप ॲटोमायझर. त्याला टाकी नसते. बाटलीतून चार-पाच थेंब हाताने कापसावर सोडायचे, काही झुरके घ्यायचे, की पुन्हा थेंब सोडायचे.

या यंत्राची निगा फार असते. कापूस काळा पडला की बदलावा लागतो. अर्कातल्या गोडव्यामुळे तारेवर काजळीसारखा थर चढतो. तो तापवून, घासून, धुऊन काढावा लागतो. तार नवी गुंडाळली की तिचा विद्युतरोध मोजावा लागतो. तो फार कमी भरला तर बॅटरीतून जास्त प्रवाह ओढला जातो आणि ती तापून फुटण्याचा धोका असतो. कापूस कोरडा राहिला तर तो करपतो आणि अति तापलेल्या द्रवातून फॉर्माल्डिहाइडसारखे घातक पदार्थ तयार होतात. स्वतःचे अंथरूण न आवरणारा मुलगाही हे सारे शांतपणे, टापटीप करतो. त्याची ही मेहनत खोटी नाही आणि तिची थट्टा करून काही साधणारही नाही.

आपल्या वाडवडिलांनीही अशी मेहनत केली आहे. चिलीम ओढणारा माणूस चिलमीतला खडा निवडून घेत असे, ती नीट साफ करत असे, तिच्या बुडाला ओली छापी गुंडाळत असे. तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी धोतराच्या कनवटीला जपून ठेवली जाई. चुना वाळू नये म्हणून त्यात थेंबभर पाणी घातले जाई. आपल्या आयाबहिणींनी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून, चाळून मिसरी केली आहे. कृष्णाकाठापासून खाली निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात तंबाखू पिकली. तिच्या भावासाठी १९८१ साली निपाणीत शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचे मोठे आंदोलनही झाले. ही वनस्पती आपल्या शेतात, घरात आणि पोटापाण्यात मुरलेली आहे. त्यामुळे नव्या यंत्राकडे बोट दाखवताना आपले हात कोरे आहेत असे आपल्याला म्हणता येणार नाही.

आता मुलांचे म्हणणे ऐकू या. त्यांचे पहिले म्हणणे असे की, हे सिगारेट किंवा गुटख्यापेक्षा कमी वाईट आहे. यात तथ्य आहे. जळत्या तंबाखूच्या धुरात जे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड असते, ते या वाफेत तसे नसते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०१५ साली वेपिंग हे सिगारेटपेक्षा बरेच कमी घातक असल्याचे मत मांडले आणि सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना त्याचा पर्याय सुचवला. पण हे सांगितले गेले ते सिगारेट ओढणाऱ्यांना. ज्याने कधीच काही ओढले नाही त्याच्यासाठी तुलना सिगारेटशी होत नाही, स्वच्छ हवेशी होते. जिन्याची एकच पायरी उतरणाऱ्यालाही लागते आणि चढणाऱ्यालाही. पायरी तीच असली, तरी माणूस कुठे निघाला आहे ते विचारावे लागते.

शिवाय वाफ म्हणजे निव्वळ पाणी नव्हे. तारेतले निकेल, क्रोमिअमसारखे धातू या वाफेत आढळले आहेत. अमेरिकेत २०१९ साली वेपिंग करणाऱ्यांत फुप्फुसांचा गंभीर आजार पसरला. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी ६८ जण दगावले. त्याचे मुख्य कारण गांजाच्या अर्कात मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे होते, साध्या निकोटीनचा द्रव नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण चोरवाटेने आलेल्या बाटलीत काय आहे हे ओढणाऱ्याला कसे कळणार? आणि निकोटीन स्वतःही निरुपद्रवी नाही. पिकावरचा मावा मारायला तंबाखूचा काढा फवारणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. घरातल्या लहान मुलाच्या हाती अशी बाटली लागली, तर काय होईल याचा विचार करावा.

दुसरे म्हणणे असे की, "मी यंत्र नीट ठेवतो, प्रमाण मला कळते, ताबा माझ्याकडे आहे." खरा नैतिक प्रश्न इथे आहे. आपल्या मलकापुरात चोवीस तास पाण्याची योजना आली तेव्हा नळांना मीटर बसले. चोवीस तास पाणी आणि मीटर या दोन गोष्टी बरोबर आल्या म्हणून योजना टिकली. जे कधीही मिळते त्याला मोजमाप नसेल, तर ते किती गेले हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. विडीला शेवट असतो. सिगारेट विझते, पाकीट रिकामे होते, पुडी संपते. "दिवसाला दहा झाल्या" असे त्या माणसाला निदान मोजता येते आणि मोजता येते म्हणून लाजही वाटते. थेंबाथेंबाने चालणाऱ्या या यंत्राला असा शेवटच नाही. एक झुरका अंथरुणात, एक जिन्यात, एक अभ्यासाच्या मध्ये. यंत्र धुतले जाते, तार मोजली जाते, बॅटरी मोजली जाते. मोजायचा राहतो तो ओढणारा.

कॅथॉलिक धर्मशिकवणीच्या १९९२ सालच्या ग्रंथात संयमाच्या सद्गुणाखाली अन्न, मद्य, तंबाखू आणि औषधे यांच्या अतिरेकाविषयी सावध केले आहे. संयम म्हणजे मोजमाप. निगेमुळे हे मोजमाप झाकले जाते, हा या यंत्राचा धोका आपल्याला अधिक मोठा वाटतो. मन लावून केलेल्या कामाचे समाधान मिळते आणि त्या समाधानाला आपण ताबा समजू लागतो. घोड्याला खरारा करणारा स्वार असू शकतो, तसा मोतद्दारही असू शकतो. मालक कोण, हे खराऱ्यावरून ठरत नाही. घोडा थांब म्हटल्यावर थांबतो का, यावरून ठरते.

कायद्याची बाजूही सर्वांना माहीत असावी. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी आणली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मित्रांसाठी दोन-चार नग आणून देणाऱ्या मुलाला आपण काय करतो आहोत याची कल्पना नसते.

यावर मुले विचारतात, "मग विडी-सिगारेट दुकानात उघड का मिळते?" हा प्रश्न योग्य आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. कायदा सर्व वाईट गोष्टी एकाच वेळी बंद करू शकत नाही. पण कायद्याच्या विसंगतीमुळे आपल्या शरीराचे नुकसान कमी होत नाही. आणि घरातली विसंगती तर आपल्याच हातात आहे. तळहातावर तंबाखू मळत मळत मुलाला वेपिंगवर उपदेश करणाऱ्या वडिलांचे शब्द मुलाच्या कानापर्यंत पोहोचतात, मनापर्यंत पोहोचत नाहीत. व्हॅटिकनने २०१८ पासून आपल्या कर्मचाऱ्यांना सिगारेट विकणे बंद केले. त्या विक्रीतून चांगले उत्पन्न मिळत असतानाही ते बंद केले. आधी स्वतःच्या घरातले बंद करावे लागते, ते हे असे.

म्हणून आपण सर्वांनी, लहानांनी आणि मोठ्यांनी, एकच परीक्षा घेऊन पाहू या. आपली वस्तू, मग ती ड्रिपर असो, चंची असो, मिसरीची डबी असो, सात दिवस दुसऱ्याच्या हवाली करावी. मुलाने आपली वस्तू वडिलांकडे द्यावी आणि वडिलांनी आपली मुलाकडे. चिडचिड होईल, झोप उडेल, हात खिशाकडे जाईल. जे जे होईल ते एका कागदावर रोज लिहावे. तोच आपला मीटर. जमले तर आनंद आहे. नाही जमले तर लपवाछपवी नको आणि रागावणेही नको. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळते. आपल्या गावातच मोठे रुग्णालय आहे, डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावे.

ज्या मुलाला बारीक तार नीट गुंडाळता येते, रोध मोजता येतो, रोजचे काम न कंटाळता करता येते, त्याच्याजवळ चांगले हात आणि चांगले मन आहे. घरातला पंखा, आजीचे श्रवणयंत्र, शेजारच्यांचा बंद पडलेला मिक्सर अशाच हातांची वाट पाहत आहेत. ही निगा वाया जाऊ नये, एवढीच आपली इच्छा आहे.