गुपित कोणासाठी?

परक्याचे पत्र फोडू नये, हा संस्कार आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पाकिटावर ज्याचे नाव, त्यानेच ते उघडावे. आज पत्राची जागा व्हॉट्सॲपच्या संदेशाने घेतली आहे. वाटेत तो कोणालाही, खुद्द कंपनीलाही, वाचता येऊ नये अशी कुलपाची योजना २०१६ पासून त्यात आहे. परंतु त्याच बंद पाकिटातून विष पोचू लागले, तर जुना संस्कार तसाच पाळावा काय?

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही मोबाईलवरून पसरलेली अफवा त्यास कारण झाली. त्याच रात्री आपल्या नाशिक जिल्ह्यातील मालेगावात एका चिमुरड्यासह पाच जणांवर जमाव चालून गेला. पोलिसांनी त्यांना कसेबसे वाचवले. अशा वेळी ‘ही अफवा प्रथम कोणी लिहिली ते शोधा’ असा आक्रोश उठणे स्वाभाविक होय. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की, गंभीर गुन्ह्यांत न्यायालयाचा वा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आल्यास कंपनीने संदेशाचा पहिला कर्ता दाखवून द्यावा. मे महिन्यात कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात त्यास आव्हान दिले.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ज्यांची माणसे गेली त्यांचा न्यायाचा हक्क कोण नाकारील? पण एका संदेशाचा उगम सापडावा म्हणून कोट्यवधी निरपराध संदेशांवर आधीच खूण करून ठेवावी लागेल. नवऱ्याच्या मारहाणीविषयी बहिणीला लिहिणाऱ्या स्त्रीच्या संदेशावरही ती खूण येईल. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, ते अशा दुर्बळांसाठीच मोलाचे आहे. शिवाय पहिला कर्ता सापडला म्हणजे अपराधी सापडला, असेही नाही. २०१८ मध्ये देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केली होती. कोणी तरी तिचा शेवट कापला आणि बोधपटाची अफवा झाली.

मग तोल कसा साधावा? आमच्या मते प्रत्येक गुपिताला एकच प्रश्न विचारावा: ते कोणाचे रक्षण करते? ख्रिस्तसभेतील दोन गुपिते पाहा. पापनिवेदनाची गुप्तता पश्चात्तापी जिवासाठी आहे. बालकांवरील अत्याचाराच्या प्रकरणांवर असलेले ‘पोपपीठाचे गुपित’ मात्र व्यवहारात पीडितापेक्षा संस्थेलाच आडोसा देत होते. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१९ मध्ये या प्रकरणांपुरते ते उठवले; पापनिवेदनाची मुद्रा अबाधित राहिली. २०१२ च्या पोक्सो कायद्यातही हाच विवेक दिसतो. त्याचे कलम १९ अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक करते, तर कलम २३ पीडित बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. तक्रार उघडी, लेकराचे नाव झाकलेले.

यातून एक मार्ग दिसतो. कुलूप वाटेवर आहे. संदेश पोचल्यावर तो वाचणाऱ्याच्या हाती मोकळाच असतो. गटात दोनशे सभासद असतील, तर दोनशे किल्ल्या आहेत. त्यांपैकी एकाने जरी पोलीस ठाण्याची पायरी चढली, तरी सर्वांची कुलपे फोडल्यावाचून तपासाला आरंभ होऊ शकतो. त्या पुढचे दार उघडायचे ते नेमक्या तक्रारीवर, नेमक्या व्यक्तीपुरते व न्यायालयाच्या देखरेखीखाली उघडावे.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आमची विनंती आहे. मुलीला कोणी अभद्र मजकूर पाठवला, तर लाजेने तो पुसून टाकू नये. तारीखवेळेसह जपून पोलिसांना दाखवावा. बालकांसाठी १०९८ हा दूरध्वनीही आहे. ‘सावध राहा’ म्हणत तो मजकूर वा तिचे नाव दहा ठिकाणी मात्र पाठवू नये. दुसऱ्याची लाज झाकणे आणि त्याच्यावरील अन्याय झाकणे, यांतील भेद ओळखणे हे प्रथम आपल्याच सदसद्विवेकाचे काम आहे. ते आपण टाळले, की सर्वांची पत्रे फोडण्याचा अधिकार मागणाऱ्यास आपणच निमित्त देतो.